लाल स्टिकरांची इमारत

अप्पांच्या हातात ते पिवळं यंत्र आलं, त्या दिवसापासून त्यांचा टोस्टरवरचा विश्वास उडाला.

टोस्टर बिचारा वर्षानुवर्षं ओट्याच्या कोपऱ्यात उभा होता. पाव घातला की भाजून वर फेकायचा, यापलीकडे त्याने कधी काही केलं नव्हतं. पण अप्पांनी नुकताच विजेच्या उपकरणांच्या सुरक्षा तपासणीचा वर्ग पुरा केला होता, आणि वर्गातल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जे प्लगला लागतं आणि हाताने उचलता येतं, ते निर्दोष आहे असं समजू नका. त्याचा दोष अजून सापडलेला नाही, एवढंच." हे वाक्य अप्पांना इतकं पटलं, की घरी येऊन त्यांनी ते फ्रिजसमोर मोठ्याने म्हणून दाखवलं. फ्रिज क्षणभर गप्प झाला आणि मग घरघरू लागला. अप्पांनी मनात नोंद करून ठेवली.

बायको होती तोवर घरातल्या वस्तूंवर नजर ठेवणं हे तिचं खातं होतं. तिच्या राज्यात कोणतीही नवी वस्तू उघडी पडत नसे. रिमोट पारदर्शक पिशवीत, मिक्सरला टोपडं, फ्रिजच्या मुठीला कापडी मोजा. सोफ्याचं प्लॅस्टिक इतकी वर्षं निघालं नव्हतं, की सोफ्याचा खरा रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. ती जाऊन वर्ष होत आलं, पण टोपडी आणि मोजे जिथल्या तिथे होते. अप्पा ते धुऊन पुन्हा घालायचे.

यंत्र तसं साधं होतं. आकाराने जेवणाच्या डब्याएवढं. तपासायच्या वस्तूचा प्लग यंत्राच्या पोटात घालायचा. यंत्रातून एक लांब वायर निघायची, तिच्या टोकाला दातेरी चिमटा. तो वस्तूच्या अंगावरच्या धातूला लावायचा आणि बटण दाबायचं. अर्थिंगची वायर त्या धातूपर्यंत नीट पोचली आहे का, असा आतला हालहवाल घेऊन यंत्र 'पास' नाहीतर 'नापास' सांगायचं. पास असेल तर हिरवा स्टिकर, नापास असेल तर लाल. लाल स्टिकर लागलेली वस्तू वापरायची नाही, मग ती कुणाचीही असो.

मुलीला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि फोनवर काळजी करायची.

"बाबा, या वयात विजेशी कसले खेळ?"

"खेळ नाही. तपासणी."

"आणि तुमची तपासणी कोण करणार?"

ती करणारा माणूसही ठरलेला होता. अप्पांचं प्रमाणपत्र अजून कच्चं होतं. पहिलं काम करून दाखवायचं, संस्थेचा परीक्षक येऊन ते पाहणार, मग ते पक्कं होणार. मुलीने तिथेच आपली अट अडकवली. प्रमाणपत्र पक्कं झालं तर अप्पांनी आपल्या घरात खुशाल राहावं, ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही झालं तर घराला कुलूप लावून मुकाट तिच्याकडे यायचं. मागची खोली तिने रंगवूनही ठेवली होती. "उशाशी बेल लावलीय, नुसती दाबायची," असं ती म्हणाली, तेव्हापासून अप्पांना त्या बेलचा संशय होता. उशाशी बेल असलेला माणूस पलंगावरून पुन्हा उठत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं.

शिवाय या घरात बायको कुठे बसून पेपर वाचायची, कुठे उभी राहून केस विंचरायची, ते अप्पांना ठाऊक होतं. मुलीच्या घरात तशी एकही जागा नव्हती.

पहिलं काम मिळालं ते राहत्या इमारतीतच. विमा कंपनीने सेक्रेटरींना कळवलं होतं, की कार्यालयातली, व्यायामशाळेतली आणि खालच्या सभागृहातली प्लगवर चालणारी प्रत्येक वस्तू तपासून घ्या, नाहीतर विमा विसरा. सेक्रेटरी म्हणजे इमारतीतला सर्वात घाईत असलेला माणूस. ते जिना उतरतानाही फोनवर लिफ्टची चौकशी करायचे.

"अप्पा, तुम्ही घरचेच. दोन तासांत उरकून टाका. सगळं उत्तम आहे, तुम्ही फक्त हिरवं चिकटवायचं."

हे ऐकून अप्पांचे कान टवकारले. सगळं उत्तम आहे हे तपासायच्या आधी सांगणाऱ्या माणसाबद्दल मास्तरांनी खास इशारा दिला होता.

सकाळी सभागृहात टेबल मांडून अप्पांनी यंत्र काढलं. पांढरा सदरा घातला होता. बघायला चारपाच मंडळी जमली, त्यांत तळमजल्यावरच्या हेडबाई पुढे. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

पहिली स्टीलची मोठी किटली. नापास.

"अरेच्चा," सेक्रेटरी म्हणाले.

मग कार्यालयातला लोखंडी टेबलफॅन. नापास. सभेचा माइक ज्या पत्र्याच्या खोक्याला जोडायचा, ते खोकं नापास. झेरॉक्स यंत्राच्या मागच्या पत्र्याला चिमटा लावला, तेही नापास. व्यायामशाळेतला चालायचा पट्टा तर बटण दाबायच्या आत नापास झाल्यासारखा अप्पांना वाटला. वॉचमनच्या केबिनमधला हीटर आणला, त्याची तीच गत. अप्पा लाल स्टिकर अंगठ्याने दाबून दाबून बसवत होते. सुरुवातीला त्यांना मनातून थोडा आनंद झाला. पहिल्याच कामात एवढे गुन्हेगार सापडतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात हेडबाईंनी पिशवीतून आपला केस वाळवायचा ड्रायर काढला. "हा माझा. बघा जरा. इमारतीचा नसला तरी कळू तर दे."

ड्रायर प्लॅस्टिकचा होता. अशा वस्तूंची परीक्षा वेगळी असते, वीज आतून बाहेर झिरपते का, एवढंच बघायचं असतं. अप्पांनी तोंडाशी असलेल्या जाळीला चिमटा लावला. पास!

"मला माहीत होतं," हेडबाई म्हणाल्या आणि ड्रायरवरचा हिरवा स्टिकर त्यांनी सगळ्यांकडे वळवून धरला. "वस्तू नीट वापरायच्या असतात. शिस्त लागते."

झालं. मंडळी घरोघरी पळाली आणि आपापल्या वस्तू घेऊन आली. इस्त्र्या, टोस्टर, शिवणयंत्रं, दिवे. दुपारपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली. धातूचं ते सगळं नापास, प्लॅस्टिकचं ते सगळं पास. अप्पांनी यावर मागच्या भिंतीकडे बघत विचार केला आणि एक सिद्धांत बांधला, की हल्ली पत्र्यात माणुसकी उरली नाही.

पण घरी जाऊन चहा ठेवताना त्यांना दुसरी शंका आली. सभागृहातलं सगळं सामान आणलं कुणी? सेक्रेटरींनी. सगळं उत्तम आहे असं म्हणालं कोण? सेक्रेटरीच. अप्पा गॅस बंद करायला विसरले.

तिकडे सेक्रेटरींनाही शंका आलीच होती. इमारतीच्या खाली विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्या दुकानदाराबरोबर रोज संध्याकाळी बुद्धिबळ कोण खेळतं? अप्पा. सगळी इमारत नापास झाली तर नवीन सामान कुठून येणार? संध्याकाळी त्यांनी अप्पांना जिन्यातच गाठलं.

"अप्पासाहेब, डाव कसा चाललाय?"

सेक्रेटरी एरवी 'अप्पा' म्हणायचे. 'साहेब' लागल्याबरोबर अप्पा सावध झाले.

"कसला डाव?"

"बुद्धिबळाचा हो. म्हटलं, हल्ली जिंकताय वाटतं."

"मी हरतो. रोज हरतो."

"हं. मग भरपाई कुठूनतरी व्हायला हवी, नाही का?"

"तुम्ही ती किटली कुठून आणली, ते आधी सांगा," अप्पा म्हणाले. यानंतर दोघेही एकमेकांना जिना मोकळा करून द्यायला तयार होईनात, आणि वरून येणाऱ्या एका बाईला बाजारातून आणायचं सामान फोनवर मागवावं लागलं.

पुढचे दिवस इमारतीने संशयात काढले. सभागृहात चहा बंद. व्यायामशाळेत लोक बंद पट्ट्यावर उभे राहून एकमेकांकडे बघायचे. वॉचमन घोंगडी पांघरून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थंडीची माहिती द्यायचा. कुणीतरी लाल किटली पडद्यामागे लपून वापरत होतं, कारण पडद्यातून वाफ यायची, पण जाऊन बघितलं की तिथे कुणी नसायचं. लाल स्टिकर सोलून भलतीकडे लावायची साथ आली. एक सेक्रेटरींच्या गाडीच्या काचेवर निघाला. एक अप्पांच्या दारावरच्या नावाच्या पाटीवर, नेमका नावाखाली. अप्पांनी तो नखाने काढला, पण डाग राहिला. मुलं त्यांना 'लालकाका' म्हणू लागली. मोठी माणसं तसं म्हणत नव्हती, पण मुलांना गप्पही करत नव्हती.

सेक्रेटरींना सभा बोलवायची होती, तर सूचना छापता येईना, कारण झेरॉक्स लाल. लाल वस्तू वापरायला समितीचा ठराव हवा, ठरावाला सभा हवी, सभेला सूचना. शेवटी हेडबाईंनी सूचना हाताने लिहिल्या, टपोऱ्या अक्षरांत, समास सोडून. प्रत्येक सूचनेच्या शेवटी त्यांनी 'वेळेवर उपस्थित राहावे, सबबी चालणार नाहीत' असं आपणहून घातलं.

आणि सेक्रेटरींनी अप्पांच्या मुलीला फोन केला. "तुमच्या वडिलांनी इमारत बंद पाडली आहे," एवढंच सांगितलं.

सभेच्या दिवशी ती आली. हातात एक मोठी बॅग होती आणि ती रिकामी होती. अप्पांनी ती उचलून पाहिली नाही, पण ती जमिनीवर ठेवताना झालेल्या आवाजावरून त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होता.

"नुसतं बघायला आलेय," ती म्हणाली.

"बॅग घेऊन?"

"बाबा, उगाच संशय घेऊ नका."

सभेला सगळे हजर. माइक लाल असल्यामुळे सेक्रेटरींना ओरडावं लागत होतं, आणि ते ओरडत असल्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की ते भडकले आहेत, म्हणून सगळेच भडकले.

"किटल्या नापास! फॅन नापास! मी स्वतः आणलेल्या वस्तू! पावत्या आहेत माझ्याकडे!"

"पावतीला अर्थिंग नसतं," अप्पा म्हणाले.

"आणि तुम्हाला लाज नाही! दुकानदाराशी संगनमत करून..."

"यंत्र खोटं बोलत नाही!" अप्पा उभे राहिले. या सभागृहात इतक्या लोकांसमोर ते प्रथमच बोलत होते. एरवी बोलायचं काम बायकोचं असे आणि ते मागून मान डोलवत.

हेडबाईंनी हात वर केला. त्यांनी हात वर केला की सवयीने सगळे गप्प व्हायचे.

"मला एक सांगा, अप्पा. एका तुकडीतली सगळी मुलं नापास आणि शेजारच्या तुकडीतली सगळी पास, असं माझ्या शाळेत एकदा झालं होतं. आम्ही मुलांना मारलं नाही. ज्याने पेपर तपासले, त्याला बोलावलं."

सभागृहात खसखस पिकली. अप्पांचे कान तापले. त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं, वायर सोडली आणि चिमटा उंच धरला. "हे घ्या! बघा! कोरं करकरीत आहे. एक ओरखडा नाही. कुणीही हातात घेऊन बघावं!"

सगळ्यात जवळ मुलगी बसली होती. तिने चिमटा हातात घेतला. उजेडाकडे धरला. मग तिने दातांवरून नख फिरवलं आणि थांबली. पुन्हा फिरवलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते अप्पांना आधी कळलंच नाही. हसू असेल असं वाटलं, पण ते हसू नव्हतं.

ती उठून त्यांच्या कानाशी वाकली. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "याचं कव्हर."

चिमट्याच्या दातांवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचं आवरण होतं. कारखान्यातून येताना घातलेलं. वर्गात मास्तरांच्या चिमट्याला ते नव्हतं, पण मास्तरांचा चिमटा जुना होता. अप्पांनी यंत्र घरी आणलं तेव्हा ते आवरण बघितलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं. दात खराब होणार नाहीत. या घरात नवीन वस्तूचं प्लॅस्टिक कुणी काढतं का?

प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. चिमटा धातूला लागतच नव्हता. म्हणून पत्र्याची प्रत्येक वस्तू नापास.

मुलगी परत जागेवर बसली. चिमटा तिने मुठीत झाकून धरला होता. कुणाला काही दिसलं नव्हतं. अप्पांच्या लक्षात आलं, की आता नुसतं 'यंत्रात किरकोळ बिघाड होता' म्हणावं, सभा संपवावी, रात्रीतून लाल काढून हिरवे लावावेत. सकाळी परीक्षकासमोर हिरवीगार इमारत. सेक्रेटरी खूश, घर वाचलं. लालचे हिरवे झाले म्हणून आजवर कुणी भांडलेलं नाही.

पण संशय ही अशी गोष्ट आहे, की ती एकदा अंगात शिरली की घरच्या माणसालाही सोडत नाही. अप्पांच्या डोक्यात ती पुढे सरकली. चिमटा लागतच नव्हता, तर वीज झिरपते का हे त्याला कळणार तरी कसं? मग जे पास केलं, ते कशावरून पास? लाल खोटे होते त्याचं फारसं काही नाही, लोकांना चहा मिळाला नाही इतकंच. हिरवे खोटे असतील तर?

"थांबा," अप्पा म्हणाले. "चूक माझी आहे."

त्यांनी मुलीच्या हातातून चिमटा घेतला, सगळ्यांसमोर ते प्लॅस्टिक नखाने सोललं आणि दाखवलं. सभागृह असं हसलं, की वॉचमन घोंगडीसकट आत आला. सेक्रेटरी तर टेबलावर थापा मारत हसत होते. अप्पा तसेच उभे राहिले. मुलगी हसली नाही.

"हसून झालं असेल तर," अप्पा म्हणाले, "ज्यांच्याकडे हिरवा स्टिकर आहे त्यांनी ती वस्तू वापरू नये. आत्ता खाली आणावी. लाल नंतर. आधी हिरवे."

"आता हिरवे पण?" सेक्रेटरी ओरडले. आता माइकचा प्रश्न नव्हता, ते खरंच ओरडले.

"आधी हिरवे."

कुरकुर करत लोक वस्तू घेऊन आले. एकामागून एक पास होत गेल्या आणि कुरकुर वाढत गेली. मग हेडबाईंचा ड्रायर. अप्पांनी जाळीला चिमटा लावला. नापास. पुन्हा लावला. नापास. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ड्रायर नाकाशी धरला. मुठीजवळ केसाएवढी चीर होती आणि आतून जळकट वास येत होता.

"अशक्य," हेडबाई म्हणाल्या. "तुमचं यंत्र आत्ताच बरं झालंय म्हणता. पुनर्तपासणी करा."

अप्पांनी पुनर्तपासणी केली. नापास.

"बाई, हा तुम्ही कुठे वापरता?"

"न्हाणीत. आरशासमोर. आणखी कुठे?"

"ओल्या हाताने?"

हेडबाईंनी दोन्ही हात पदराला पुसले. अप्पांनी त्यांच्यादेखत हिरवा काढला आणि लाल लावला. यावेळी कुणी हसलं नाही. सेक्रेटरींनी आपला टेबलावरचा हात हळूच काढून घेतला.

मग लाल वस्तूंची पाळी आली. सगळ्या पास झाल्या, फक्त वॉचमनचा हीटर सोडून.

"तो चावतो थोडा," वॉचमन म्हणाला. "पण आता सवय झालीय."

परीक्षक सकाळी आला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. चहा देऊ केला तर त्याने आधी किटलीचा प्लग काढून पाहिला, वायर बोटांतून सरकवली आणि मगच हो म्हणाला. अप्पांना तो तत्काळ आवडला. अप्पांनी काही न लपवता सगळं सांगितलं, सोललेलं प्लॅस्टिकही दाखवलं. परीक्षकाने ते बोटावर घेऊन बराच वेळ पाहिलं.

"नवा माणूस सहसा हिरवे लावून चुकतो," तो म्हणाला. "तुम्ही दोन्ही रंगांत चुकलात."

"हो."

"आणि मग स्वतःच सगळं उलटं केलंत. गप्प राहिला असतात तर सगळे खूश झाले असते. का?"

"शंका आली."

"कुणाची?"

"माझीच."

परीक्षकाने काही वस्तू स्वतः तपासल्या, हेडबाईंचा ड्रायर दोनदा हुंगला आणि प्रमाणपत्रावर सही केली. जाताना दारात थांबून म्हणाला, "रोज काम सुरू करायच्या आधी यंत्र तपासायचं. आणि तुमचा हा एक्स्टेन्शन बोर्ड फेकून द्या, त्याचा प्लग तडकलाय." अप्पांनी पाहिलं, खरंच तडकला होता. सेक्रेटरी जवळच उभे होते. त्यांनी मोठ्या आनंदाने त्यावर स्वतःच्या हाताने लाल स्टिकर लावला.

दुपारी मुलगी निघाली. बॅग अजून रिकामीच होती. दारात ती चपला घालत बराच वेळ रेंगाळली.

"बाबा, बोलले तसं करीन. विषय काढणार नाही."

"बरं."

"पण एक विचारू? एकटं वाटत नाही?"

"वाटतं," अप्पा म्हणाले. "तुझ्याकडे आलो तरी वाटेलच. इथे निदान कुठली वस्तू कुठल्या कपाटात आहे ते ठाऊक आहे."

तिने मान हलवली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली आणि परत वर आली.

"आमच्या घरातलं सगळं एकदा तपासून द्याल? टेस्टर म्हणून बोलावतेय, वडील म्हणून नाही."

"येईन की. सोमवारी सकाळी. पण संध्याकाळी परत येणार."

"हो हो. परत जा."

"आणि मी येईपर्यंत इस्त्रीला हात लावू नकोस."

"का? काय झालंय आमच्या इस्त्रीला?"

"मला काय ठाऊक?" अप्पा म्हणाले. "अजून पाहिली कुठे आहे?"